शब्दावाचूनचा सूर आणि दवाखान्याची झोळी



गेली कार्तिकी आटोपून मी घरी परतलो, त्याच आठवड्यात आमच्या वणी भागातली चार मंडळी भेटायला आली. त्यांत माझ्या फडातला जुना मृदंगी होता, दोन टाळकरी होते आणि औषधांच्या दुकानात काम करणारा एक तरुण होता. चहा झाला, वारीच्या गोष्टी झाल्या, मग मृदंग्याने विषय काढला. "महाराज, तुमचा गळा बसला, आता कीर्तन होत नाही, हे तर आम्ही पाहतोच. पण बोटं शाबूत हायेत. अभंगांच्या चाली नुसत्या पेटीवर वाजवा, आपण त्या भरून घेऊ आणि विकू. जे पैसे येतील ते डायलिसिसला जाणाऱ्या लोकांच्या गाडीभाड्याला देऊ."

आमच्या भागात मूत्रपिंडाच्या आजाराची घरे किती आहेत, ते इकडच्या वाचकांना सांगायला नको. आठवड्यातून दोनदा शहर गाठायचे, दिवस घालवायचा, आणि घरी कापूस वेचायला माणूस नाही. मागणी रास्त होती. तरी माझ्या तोंडून लगेच होकार निघाला नाही.

कारण सांगतो. तरुणपणी मी आळंदीला चार वर्षे राहिलो, तेथे मनावर एक गोष्ट पक्की बसली. वारकरी कीर्तनात प्रधान आहे ते नाम. वीणा, टाळ, मृदंग ही नामाची सेवेकरी. पेटी तर फार उशिरा आली. काही परंपरागत फडांत ती अजूनही चालत नाही. अशी जी उशिरा आलेली सेवेकरीण, तिला एकटीला सिंहासनावर बसवायचे, अभंगातला शब्द काढून टाकायचा आणि उरलेला सूर विकायचा, हे मनाला पटेना. दुसरी अडचण पैशाची. कीर्तनकाराने मोबदल्याला हात लावू नये, हे तुकोबांनी घालून दिलेले पथ्य तुम्हाला ठाऊक आहे. आज ते किती पाळले जाते, तेही तुम्हाला ठाऊक आहे. मीही बिदागी घेतली आहे, घेतली नाही असे म्हणणार नाही. मग आता उतारवयात धर्मादायाच्या नावाने पुन्हा तोच बाजार मांडायचा का?

चार दिवस मागून घेतले. त्या चार दिवसांत एक जुनी गोष्ट आठवली, आणि तिच्या नादाने एक जुने वादन ऐकले. त्या वादनाविषयी मला जे वाटले ते येथे लिहितो. वादक आपल्या पंथाचा नाही, आपल्या देशाचाही नाही. पण आपल्यापुढे जो प्रश्न आहे तो त्याच्याही पुढे होता, आणि त्याने तो आयुष्य खर्चून सोडवला. म्हणून ऐकून घ्यावे.

सुमती देवस्थळे यांचे 'डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर' हे चरित्र मी पुष्कळ वर्षांपूर्वी वाचनालयातून आणून वाचले होते. हा मनुष्य 1875 मध्ये आल्सेस प्रांतात जन्मला. बाप चर्चमधला धर्मोपदेशक. मुलगा तत्त्वज्ञानात आणि धर्मशास्त्रात पंडित झाला आणि पॅरिसला विदोर नावाच्या थोर वादकाकडे ऑर्गन शिकला. एकविसाव्या वर्षी त्याने मनाशी ठरवले की तीस वर्षांपर्यंत विद्या आणि संगीत करायचे आणि त्यानंतर माणसांची थेट सेवा करायची. तिशी आली तेव्हा त्याने ठरल्याप्रमाणे वैद्यकी शिकायला घेतली. आप्तमित्र रागावले; इतकी विद्या मातीत घालतोस म्हणाले. 1913 मध्ये तो पत्नी हेलेन यांच्यासह आफ्रिकेतल्या गाबोन देशात, ओगोवे नदीच्या काठी लांबारेने या गावी गेला. रोगी तपासायला पहिली जागा मिळाली ती कोंबड्यांचे जुने खुराडे. झाडूनपुसून, चुना देऊन त्याने तेथे दवाखाना सुरू केला.

आता संगीताचे काय झाले ते पाहा. जाताना त्याने मनाने तीन गोष्टींवर पाणी सोडले होते : ऑर्गन, अध्यापन आणि स्वतःच्या कमाईवर उभे राहणे. पण पॅरिसच्या बाख मंडळाने त्याला एक खास पियानो दिला. त्याला ऑर्गनसारखी पायपट्टी होती, आणि दमट हवेत लाकूड सडू नये म्हणून आतून जस्ताचा पत्रा होता. दिवसभर रोगी पाहून झाले की रात्री तो त्यावर बसे. ज्यावर त्याने पाणी सोडले होते ते असे परत आले, आणि पुढे त्यानेच त्याच्या रोग्यांना पोसले. पहिल्या महायुद्धात जर्मन प्रजाजन म्हणून त्याला पकडून ठेवले, दवाखाना बंद पडला, डोक्यावर कर्ज राहिले. 1920 मध्ये स्वीडनला जाऊन त्याने व्याख्याने दिली, ऑर्गन वाजवला आणि त्यातून कर्ज फेडायला लागला. 1924 मध्ये तो परत लांबारेनेला गेला. तेव्हापासून युरोपात आला की गावोगाव चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि जमलेले पैसे औषधांना, पट्ट्यांना, तांदळाला पाठवायचे, असा त्याचा क्रम झाला.

याच क्रमात त्याच्या रेकॉर्डी निघाल्या. 1935 च्या डिसेंबरात लंडनच्या ऑल हॅलोज चर्चमध्ये आणि 1936 मध्ये स्ट्रासबर्गच्या सेंट ऑरेली चर्चमध्ये कोलंबिया कंपनीने त्याचे एकट्याचे ऑर्गनवादन भरून घेतले. सगळ्या रचना योहान सेबास्टियन बाख याच्या. संगतीला कोणी नाही, गायक नाही. साठी गाठलेला एक डॉक्टर, एक वाद्य, आणि मिळकत रुग्णालयाच्या झोळीत. आमच्या मंडळींनी माझ्यापुढे ठेवलेला बेत हाच नव्हे का?

नातवाला सांगितले. त्याने मोबाइलवर शोधून दिले आणि म्हणाला, "आबाजी, हे ऐका बरं. आवाज जुना आहे, खरखर आहे." मी म्हटले, "माझ्या गळ्यापेक्षा बरा असेल." तीन रात्री ऐकले.

आधी वाद्याविषयी दोन शब्द, म्हणजे पुढचे कळेल. ऑर्गन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन येतो. चर्चचा ऑर्गन म्हणजे भिंतभर उभ्या नळ्या, त्यांत भात्याने भरलेली हवा, हातांसाठी दोनतीन पट्ट्या आणि पायांसाठी वेगळी पट्टी. आपली पेटी त्याची दूरची नातलग आहे. पॅरिसच्या देबँ नावाच्या कारागिराने 1842 मध्ये हार्मोनियमचे हक्क घेतले, आणि पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून, एका हाताने भाता मारून वाजवता येईल असे रूप दिले. म्हणजे देवळात आपल्यापुढे बसते ती पेटी मूळची त्यांच्याच घरची पोर.

दोघींत एक फरक आहे. पेटीवर भात्याच्या दाबाने सूर लहानमोठा करता येतो. चर्चच्या ऑर्गनची पट्टी हळू दाबा की जोरात दाबा, सूर तेवढाच निघतो. मींड तर दोघींतही नाही. मग वादकाने भाव आणायचा कशातून? सूर कधी धरायचा, कधी सोडायचा, दोन सुरांत किती श्वास ठेवायचा, कोणत्या नळ्या उघडायच्या, एवढेच त्याच्या हाती. म्हणजे सगळी परीक्षा लयीची आणि संयमाची. हे लक्षात ठेवून श्वाइट्झरचे वादन ऐकावे.

ऑल हॅलोजच्या ध्वनिमुद्रणात बाखची सुप्रसिद्ध डी मायनरमधली टोकाटा आणि फ्यूग आहे. आरंभी वरच्या पट्टीत एक लहानशी हरकत, मग थांबणे. तीच खालच्या सप्तकात, पुन्हा थांबणे. मग तळाला पायाचा एक खर्ज धरून त्यावर सुरांची रास उभी राहते. पुष्कळ वादक येथे श्रोत्याला धाक घालतात. श्वाइट्झर धाक घालत नाही. मंगलाचरणाआधी विणेकरी जसा क्षणभर स्तब्ध उभा राहतो, तसा तो त्या थांब्यांत उभा राहतो. पुढे फ्यूग सुरू होते. फ्यूग म्हणजे काय हे वारकऱ्याला समजावणे सोपे आहे. मुख्य गायक चरण म्हणतो आणि धृपदकरी ते मागून उचलतात. येथेही एक आवाज चरण म्हणतो, दुसरा ते उचलतो. फरक इतकाच की उचलून दिल्यावर पहिला गप्प बसत नाही, तो दुसऱ्याच्या खालून आपली वेगळी वाट चालत राहतो. मग तिसरा येतो. सगळे मिळून चालतात, तरी कोणी कोणाच्या पायात येत नाही. आषाढीत वाखरीच्या पुढे निरनिराळ्या दिंड्या एका रस्त्याला लागतात तेव्हा जे होते, ते नळ्यांतून ऐकू आले.

दोषही सांगतो, नाहीतर हे स्तोत्र होईल. लय पुष्कळ ठिकाणी जड आहे. प्रत्येक आवाज वेगळा ऐकू यावा म्हणून तो पाय रोवून चालतो, हे समजते. पण जलद जागी बोटांना श्रम होताहेत असे वाटते. ज्याचा दिवस रोगी तपासण्यात आणि इमारतीसाठी लाकडे मोजण्यात गेला, त्याचे हात रोज आठ तास रियाज करणाऱ्याचे असणार नाहीत. शिवाय जुन्या रेकॉर्डीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटेच मावत, म्हणून लांब रचना तुकडे करून भरावी लागे. अभंगाच्या मधोमध कोणी टाळ काढून घ्यावा तसे ते वाटत असणार. आणि दानासाठी वाजवले आहे म्हणून हे दोष मी माफ करणार नाही. हेतू पवित्र असला तरी बेसूर तो बेसूरच. तुम्हीही कोणाला तशी माफी देऊ नका. तसे केले तर चांगल्या कामाच्या नावाखाली वाईट गाणे खपते आणि पुढे चांगले कामही खपेनासे होते.

स्ट्रासबर्गच्या ध्वनिमुद्रणाने मात्र माझा मूळ प्रश्न हाती घेतला. त्यात बाखच्या कोराल प्रिल्यूड आहेत. कोराल म्हणजे त्यांच्या मंडळीने चर्चमध्ये एकत्र म्हणायचे भजन. प्रिल्यूड म्हणजे त्या भजनाच्या चालीवर ऑर्गनने केलेले निरूपण. शब्द कोणी म्हणत नाही. पण बाखच्या काळी समोर बसलेल्या प्रत्येकाला ते भजन पाठ असे, आणि सूर निघाला की शब्द त्याच्या मनात आपोआप उभे राहत.

येथे श्वाइट्झरच्या आयुष्यातला एक प्रसंग सांगायलाच हवा. 1899 च्या सुमारास त्याचे गुरू विदोर त्याला म्हणाले की बाखच्या इतर रचना मला कळतात, पण या प्रिल्यूड कळत नाहीत. एक भाव चालू असता एकदम दुसराच का येतो, ते उमगत नाही. शिष्य म्हणाला, भजनाचे शब्द पाहा म्हणजे उमगेल. आल्सेसच्या चर्चमध्ये वाढल्याने त्याला ती सगळी भजने मुखोद्गत होती. त्याने एकेक भजनाचा अर्थ सांगितला, विदोर वाजवत गेले, आणि गुरूला शिष्याकडून कुलूप उघडून मिळाले. त्यातूनच 1905 मध्ये श्वाइट्झरचा बाखवरचा मोठा ग्रंथ तयार झाला.

या संचातल्या एका रचनेचे नाव मराठीत सांगायचे तर 'हे माणसा, आपल्या थोर पापासाठी रड' असे होईल. भजन येशूच्या दुःखाचे आहे. चाल उजव्या हाताला आहे, पण इतक्या आलापांनी नटवलेली की नवख्याला ती सापडत नाही. ती संथ चालत राहते, आणि शेवटाला, जेथे भजनात क्रुसावर दीर्घ काळ टांगून राहिल्याचा उल्लेख आहे, तेथे बाखने लय अगदी अतिविलंबित करा असे लिहून ठेवले आहे आणि सुरांना अनपेक्षित वळण दिले आहे. म्हणजे 'दीर्घ' हा शब्द कोणी उच्चारला नाही, पण लय स्वतःच दीर्घ झाली. श्वाइट्झर त्या जागी पोचतो तेव्हा वाटते की त्याला यासाठीच जड लय हवी होती. जो दोष टोकाटात खुपला, तोच येथे गुण झाला. मी अर्थ आधी वाचला होता म्हणून मला तो थांबा कळला. नातू शेजारी बसला होता, त्याला अर्थ माहीत नव्हता. तो म्हणाला, "छान आहे, पण हळू आहे."

माउली, माझे उत्तर त्या दोन वाक्यांत मिळाले. शब्दावाचूनचा सूर रिकामा नसतो; तो ऐकणाऱ्याकडून शब्द उसना घेतो. ज्याच्याकडे शब्द आहे त्याला सूर निरूपण करतो, ज्याच्याकडे नाही त्याला तो फक्त कानाला बरा लागतो. प्रभाकर जोग यांचे व्हायोलिन 'गाते' असे आपण सगळे म्हणत आलो, ते का? गाणे आपल्याला पाठ होते म्हणून. आता पुढच्या पिढीचा विचार करा. जिला हरिपाठ पाठ नाही, तिच्यापुढे मी अभंगाची नुसती चाल वाजवली तर तिच्या मनात काय उभे राहील? म्हणून माझी भीती खोटी नव्हती, फक्त तिची जागा चुकली होती. दोष पेटीचा नाही. पाठांतर सुटले, हा दोष आहे, आणि तो नुसत्या सुराने भरून निघत नाही.

आता पैशाकडे वळू. येथे मी श्वाइट्झरशी थोडे भांडणार आहे.

ज्या काळात या रेकॉर्डी निघाल्या, त्याच काळात त्याने भारतीय विचारावर एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की भारतीय विचाराचा मूळ कल जगाकडे पाठ फिरवण्याचा आहे आणि माणसाच्या सेवेची प्रेरणा त्यातून सहजी निघत नाही. गांधीजी, टागोर यांचा त्याने आदराने विचार केला आहे, तरी मूळ मत हेच. वाचून राग येतो. आपल्या संतांनी प्रपंच टाकायला कुठे सांगितले? सावता माळी मळ्यात राहिले, गोरोबा चाकावर राहिले. आणि याच वऱ्हाडातले गाडगेबाबा पाहा. 1876 ते 1956 एवढे त्यांचे आयुष्य, म्हणजे श्वाइट्झरचे समवयस्कच. त्यांनी कीर्तनातून लोकांना हलवले आणि लोकांच्या पैशातून पंढरपूर, आळंदी, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी मात्र घर ठेवले नाही. अक्षर वाचता न येणाऱ्या या माणसाने सेवेचा धडा श्वाइट्झरच्या ग्रंथाची वाट न पाहता गिरवला होता. एवढे म्हणून मी राग आवरतो. कारण लगेच मनात येते की बाबा एकच झाले. माझ्या पन्नास वर्षांच्या कीर्तनांतून किती धर्मशाळा उभ्या राहिल्या? परक्याच्या टीकेला संतांची नावे उत्तर म्हणून देणे सोपे आहे. आपले नाव त्या यादीत नाही हे अवघड जाते.

भांडणाचा दुसरा मुद्दा याहून मोठा आहे. श्वाइट्झरने आफ्रिकन माणसाला भाऊ म्हटले, पण धाकटा भाऊ म्हटले. दवाखान्यात शेवटचा शब्द त्याचा. त्याच्या हयातीतच यावर टीका झाली आणि ती योग्य होती. आपल्या वारीत भेटल्यावर दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. कोण थोरला, कोण धाकटा, हे विचारून कोणी वाकत नाही. ज्याला द्यायचे त्याच्याही पाया पडता आले पाहिजे, तरच ते दान वारकऱ्याचे. या रेकॉर्डींत मी रोग्याला शोधत होतो, तो कोठेच सापडला नाही. त्याच्यासाठी वाजते आहे, पण तो गप्प आहे.

वर्धा नदीपलीकडे आमच्या शेजारीच वरोऱ्याचे आनंदवन आहे. बाबा आमटे यांनी 1951 मध्ये सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात 14 रुपये घेऊन ते सुरू केले, हे तुम्ही ऐकलेच आहे. लांबारेनेशी त्याचे नाते जवळचे आहे. श्वाइट्झरने नोबेल पारितोषिकाच्या पैशातून कुष्ठरोग्यांची वसाहत बांधली होती. पण पुढे आनंदवनात 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद निघाला, त्यात गाणारे-वाजवणारे स्वतःच अंध, अपंग आणि कुष्ठमुक्त. ज्याच्यासाठी झोळी फिरवायची तोच मंचावर उभा. तेथे श्रोता दया घेऊन येतो आणि दाद देऊन जातो. मला वाटते, श्वाइट्झरच्या संचात जे राहून गेले ते येथे भरून निघाले. त्याने सूर दिला, पट्टी दिली, आयुष्य दिले. सूर दुसऱ्याच्या हाती सोपवायचे तेवढे राहिले.

मात्र हेही खरे की हे मी सुरांवरून ओळखले नाही, चरित्रावरून ओळखले. रेकॉर्ड ऐकून वादक थोरला भाऊ म्हणून वागतो की बरोबरीचा म्हणून, हे कळत नाही. वादनाचे पुण्य वागण्याच्या खात्यात जमा करू नये, आणि वागण्याचा दोष वादनातून वजा करू नये. दोन वह्या वेगळ्या ठेवाव्यात. बाख आपल्या पुष्कळ हस्तलिखितांच्या शेवटी 'गौरव एकट्या देवाचा' या अर्थाची तीन आद्याक्षरे लिहीत असे. त्या तीन अक्षरांपुढे वादकाचे नाव आणि देणाऱ्याचे नाव, दोन्ही बारीक होतात.

पैशाच्या वहीविषयी माझा स्वतःचा एक अनुभव आहे. तीसेक वर्षांपूर्वी एका गावात शाळेच्या छपरासाठी माझे सात दिवस कीर्तन ठेवले होते. लोकांनी आरतीच्या ताटात भरभरून टाकले. सप्ताह संपला तेव्हा कळले की मंडप, लाउडस्पीकर आणि काल्याच्या पंगतीत बहुतेक सगळे गेले. कोणी खाल्ले नाही, कोणी चोरले नाही. कोणी मोजलेच नव्हते. पुढच्या पावसाळ्यात पोरे गळक्या वर्गात बसली. मी बिदागी परत केली, पण हिशेब विचारला नव्हता, तो दोष माझाच. लोकांनी पैसे मंडपाला दिले नव्हते, माझ्या शब्दावर छपराला दिले होते. हे आठवले की अजून झोप लागत नाही.

श्वाइट्झरच्या बाबतीत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याने दवाखान्याला जे दिले ते त्याच्याकडचे सर्वांत चांगले होते. विदोरकडे शिकलेला ऑर्गन, जन्मभर अभ्यासलेला बाख. आपण दान देताना बहुधा उरलेले देतो : जुने कपडे, शिळे अन्न, आणि कीर्तनकार असेल तर जमेल तसे एक कीर्तन. त्याने वरचा घास काढून दिला. वादनात दोष आहेत, पण आळस कोठेही नाही.

आणि शेवटी एक गोष्ट, जिने मला हलवले. 1940 च्या डिसेंबरात लंडनवर बाँब पडले, त्यात ऑल हॅलोज चर्च उद्ध्वस्त झाले आणि तो ऑर्गनही गेला. चर्च पुन्हा बांधले, पण ज्या नळ्यांतून तो सूर निघाला त्या राहिल्या नाहीत. 1965 च्या 4 सप्टेंबरला श्वाइट्झर लांबारेनेतच वारला. वाद्य गेले, वादक गेला. दान म्हणून दिलेला सूर तेवढा मागे राहिला आणि परवा वणी तालुक्यातल्या एका घरात, ज्या घराचे नावही त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते, तो वाजला. स्वतःसाठी ठेवले असते तर त्या नळ्यांबरोबर जळून गेले असते.

पाचव्या दिवशी मंडळी आली. मी सांगितले, वाजवतो. पण चार अटी. पहिली : याला कीर्तन म्हणायचे नाही. पाकिटावर 'पेटीवादन' असेच छापायचे. दुसरी : प्रत्येक चालीआधी तो अभंग कोणाचा आणि त्याचा आशय काय, हे साध्या बोलण्यात सांगायचे, आणि तो संपूर्ण अभंग छापून सोबत द्यायचा, म्हणजे ज्याच्याकडे शब्द नाही त्यालाही तो मिळेल. माझा बसका आवाज तेवढ्याला पुरेल. तिसरी : पैसा किती आला, कोणत्या फेरीला किती भाडे गेले, हे दर एकादशीला देवळाच्या फळ्यावर खडूने लिहायचे. चौथी अट ऐकून मंडळी जरा थांबली. आमच्या गावात डायलिसिसला जाणाऱ्यांत एक जण भजनी मंडळात चिपळ्या वाजवायचा. मी म्हटले, तो येणार असेल तर मी वाजवतो. त्याला दम लागेल तेथे थांबू, चार दिवस जास्त लागले तरी चालतील.

मृदंगी म्हणाला, "मग ते एकट्याचं वादन कुठं राहिलं, महाराज?"

मी म्हटले, "नाही राहिलं तर बरंच आहे."

तुमच्याही गावात असा कोणी बेत करीत असेल, तर ऐकताना दोन्ही वह्या हातात ठेवा. सूर खरा आहे का ते कानाने पाहा, पैसा पोचला का ते फळ्यावर पाहा, आणि एकाची उणीव दुसऱ्याने झाकू देऊ नका. आमचे वादन भरून झाले की तेही याच मापाने मोजा. जड झाले असेल तर जड म्हणा. मला राग येणार नाही.

रामकृष्णहरी.